गुरुजींनी वाखाणलेला एकमेव चित्रपट

गुरुजींचं परीक्षण वेळेवर आलं, असं एकदाही झालं नाही. शुक्रवारी सिनेमा लागायचा, शनिवारी सकाळी मला मजकूर हवा असायचा आणि त्या वेळी गुरुजी बुलढाण्यातल्या कुठल्यातरी टपरीवर बसून चहा परत करत असायचे. परत करायचा म्हणजे अर्धा प्यायचा आणि उरलेला चहावाल्यापुढे धरून म्हणायचं, "तूच चाखून पाह्य. याले चहा म्हनते का?" मग मी ऑफिस सोडून त्यांना शोधत टपऱ्या पालथ्या घालायचो. फोन ते वापरत नसत. वापरला असता तर माझा जीव थोडा हलका झाला असता, बहुतेक म्हणूनच वापरला नाही.

मी तेव्हा एका दैनिकाच्या बुलढाणा कार्यालयात उपसंपादक होतो. जिल्ह्याची पानं माझ्याकडे आणि त्यातला सिनेमाचा रकाना गुरुजींकडे. गुरुजी संग्रामपूरकडच्या एका शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेले. अकोल्याला लेक होती, जावई भला होता, वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोलीही काढून ठेवलेली होती. ती सोडून हा माणूस बुलढाण्यात भाड्यानं राहिला, कारण अकोल्याच्या टॉकीजमध्ये शेवटची नावं संपायच्या आत दिवे लावतात. इथल्या डोअरकीपरला त्यांनी दम देऊन ठेवला होता. पडद्यावर शेवटचं नाव सरकून जाईपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही. सगळं पब्लिक अंधारात ठेचकाळत बाहेर पडायचं आणि हे आपले फुटाणे खात नावं वाचत बसलेले.

मजकूर ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. तो टाइप करणं माझ्याकडे. एकदा घाईत मी पत्रिका उलटी धरली आणि खलनायकाच्या जागी वराचे मामा छापून येता येता राहिले. जागा दोनशे शब्दांची असली की पत्रिका सहा यायच्या. काही कापलं की भांडण. नाही कापलं तर खालची बाजारभावाची चौकट उडायची आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी मला फोन करून सोयाबीनचा भाव विचारायचे.

बरं, लिहायचे काय? आयुष्यात त्यांनी एकाही चित्रपटाला बरं म्हटलं नाही. नायिका कपाशीत नाचली की गेलीच. "पऱ्हाटीत फुगड्या घालते ही. अंगाले बोंडं ओरबाडत नाई का बे?" असं मला विचारायचे, जणू मीच तिला तिथे सोडून आलो होतो. एका गाजलेल्या ग्रामीण चित्रपटावर त्यांनी लिहिलं होतं, 'नायक नांगर धरतो. बैलांना हे मान्य नसावे.' झालं परीक्षण. उरलेल्या पाच पत्रिका त्या बैलांवर होत्या. आमच्या पेपरात परीक्षणाच्या खाली तारे द्यायची पद्धत होती. गुरुजी तारे द्यायचे नाहीत. मी आपल्या मनानं दोन छापायचो आणि ते सोमवारी येऊन म्हणायचे, "हे दोन कोनाच्या खिशातून देले?"

आता याची गंमत अशी, की गुरुजींनी झोडपलेला चित्रपट हमखास चालायचा. आमच्या पब्लिकनं त्यांचा हिशेब पक्का ओळखला होता. गुरुजी चिडले म्हणजे पाहण्यासारखं काहीतरी असणार, असं सगळा जिल्हा धरून चालायचा. टॉकीजचे मालक सुरुवातीला मला फोनवर शिव्या घालायचे. नंतर नंतर शुक्रवारी लाडीगोडीनं विचारायला लागले, "गुरुजी नाराज गेले ना घरी? हां, मंग बेस." एकदा गुरुजी आजारी पडले, परीक्षण आलं नाही आणि त्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मालक स्वतः संत्री घेऊन त्यांना पाहायला गेले. हे सगळं मला माहीत, टॉकीजला माहीत, पानवाल्याला माहीत. गुरुजींना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ते शब्दाशब्दावर रक्त आटवायचे आणि आपण लोकांना वाईट चित्रपटांपासून वाचवतोय अशा तोऱ्यात रस्त्यानं चालायचे.

तशात तो माहितीपट आला. नाव इंग्रजी होतं, आमच्या ऑफिसात कुणाला ते एका दमात म्हणता येत नसे. विषय मात्र इथलाच. मोताळा तालुक्यातल्या एका गावात एका बाईला बाहेरचं लागलं होतं आणि भगतानं ते उतरवलं. बाई खरी, भगत खरा, धूर खरा. पुण्याचा एक दिग्दर्शक तेव्हा कॅमेरा घेऊन तिथे होता. माहितीपट महोत्सवातून फिरला, त्याला बक्षीस लागलं, आणि पुण्या-मुंबईच्या पेपरांत परीक्षणांची नुसती झड लागली. एकाला त्यात वैश्विक वेदना दिसली. एकजण अंतर्मुख झाला. एकानं लिहिलं की त्या बाईचा चेहरा आपल्याला झोपू देत नाही. मी ती सगळी कात्रणं नीट जमवून ठेवली होती, कारण आमच्या पेपरच्या मालकांचा निरोप होता, की जिल्ह्याचं नाव झालंय, आपल्याकडे दणक्यात आलं पाहिजे.

बुलढाण्यात एका कॉलेजच्या सभागृहात तो दाखवला. मी गुरुजींना घेऊन गेलो, ही माझी पहिली चूक. पडद्यावर ती बाई केस सोडून घुमत होती. भगतानं वेणीला धरलं होतं. ती ओरडत होती, "सोडा मले. माही पाठ दुखून राह्यली. सोडा." आणि ती ओरडली की खाली पांढऱ्या अक्षरांत यायचं, 'आत्मा: सोडा मला. माझी पाठ दुखते आहे.' लोक श्वास रोखून पाहत होते. गुरुजींनी फुटाण्यांचा रुमाल बांधून खिशात घातला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर चर्चा झाली. एक प्राध्यापक म्हणाले, हे भूतबित काही नाही, हा मानसिक आजार बोलतोय, चित्रपटानं भगताचा धिक्कार करायला हवा होता. मागून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, आमच्या देवाला बदनाम केलंय, भूत होतं आणि उतरलं, हे स्वच्छ सांगायला हवं होतं. दोघांची जुंपली. भूत होतं की नव्हतं, यावर चहा गार होईपर्यंत भांडण. दिग्दर्शक हाताची घडी घालून समाधानानं ऐकत होता. आणि मला ज्याची धास्ती होती तेच झालं. गुरुजी उठले.

"मले एक सांगा," ते म्हणाले. "पयले भगताच्या हातात लिंबू हाय ते हिरवं हाय. मंग तेच लिंबू पिवळं काऊन झालं?"

सभागृह हसलं. मी खुर्चीत खाली सरकलो. दिग्दर्शकही हसला आणि म्हणाला, "बारीक नजर आहे तुमची. पहिल्या दिवशी आवाज नीट मिळाला नव्हता. म्हणून चार दिवसांनी आम्ही भगतांना विनंती केली, की तोच विधी पुन्हा करा. अगदी प्रामाणिकपणे सांगतो."

"म्हनजे पयल्या दिवशी भूत उतरलं नोयतं?"

"उतरलं होतं, असं घरचे म्हणत होते."

"मंग दुसऱ्या वेळी काय उतरवलं?"

दिग्दर्शक म्हणाला, की हाच प्रश्न चित्रपट आपल्याला विचारतो. टाळ्या पडल्या. गुरुजींनी आणखी विचारलं, ती बाई आता कुठे आहे? त्यावर उत्तर आलं, की तिच्या खासगीपणाचा आदर म्हणून आम्ही पुन्हा तिला भेटलेलो नाही. त्यालाही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः ऑफिसात आले. वेळेवर. हातात एकच पत्रिका. मी वाचली आणि वाचतच राहिलो. बैल नाहीत, पऱ्हाटी नाही, फाटे नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, की या बाईला एकदा मोकळं केलेलं होतं, आवाजासाठी तिला पुन्हा धरलं, आणि आपण सगळ्यांनी त्याला प्रामाणिकपणा म्हणून टाळ्या दिल्या. इतकं चांगलं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. एक शब्द कापावासा वाटला नाही. इतकी वर्षं या माणसानं मला छळलं त्याचं आज चीज झालं, असं मला वाटलं.

मी टाइप करायला घेणार तेवढ्यात ती आली. हातात ब्लाउजपिसांची पिशवी, डोक्यावरून पदर. पडद्यावरची ती बाई मी लगेच ओळखली आणि ओळखल्याची लाज वाटली. तिचं नाव सुमन. तिनं आधी पंख्याखालची खुर्ची नाकारली, मग पाणी नाकारलं, मग विचारलं, "पिच्चरचं कोन लिवते?"

मी गुरुजींकडे बोट केलं.

"बाबाजी, तुमी लिवा का पिच्चर भंगार हाय," ती म्हणाली. "तुमी तसंच लिवता म्हने."

मग तिनं सगळं सांगितलं. आजारपणात शूटिंगच्या परवानगीच्या कागदावर सही भावानं केली होती. ती बरी झाली आणि गावात कुणी पुन्हा विषय काढला नाही. "आमच्या गावात उतरलं म्हनजे उतरलं. मंग मागचं कोनी काढत नाई. भांडनातबी नाई. माही जाऊ लय खाष्ट हाय, मले काय काय बोलते, पन हे तिनंबी कधी काढलं नाई. काढलं त बाकीचे लोकच झापतीन तिले." पण पोट गावात भरत नव्हतं, म्हणून तिनं मोताळ्याला शिलाई मशीन टाकलं होतं. "तिथं कोनाले माहीत नाई. तिथं मी ब्लाउजवाली ताई हाय. बाया मापं देतेत, बसतेत, चहा पितेत. आता बाजाराच्या दिवशी तिथल्या मंगल कार्यालयात पिच्चर दाखवून राह्यले. मंग कोन देईन माप मले? अंगाले हात लावू देईन का कोनी?"

गुरुजींनी टेबलावरची पत्रिका उचलली आणि तिच्यासमोर हलवली. "लिवलंच हाय बाई. निरा धुतला हाय त्याले. तू बिनघोर जाय."

ती गेली. जाताना तिचा चेहरा निर्धास्त होता आणि मला मात्र गुरुजींनी धुतलेल्या चित्रपटांची गर्दी दिसत होती. मी आधी दिग्दर्शकाला फोन लावला. म्हटलं, मोताळ्याचं रद्द करा, निदान चेहरा तरी झाका. तो म्हणाला, "चेहरा झाकला तर चित्रपटात उरतं काय? आणि तिच्याच तालुक्यात दाखवणं हे आमचं नैतिक कर्तव्य आहे. मोताळ्याला प्रतिसाद मिळाला की आम्ही प्रत्येक तालुक्यात नेणार आहोत." मी फोन ठेवला. आणखी बोलत राहिलो असतो तर तोंडातून काय गेलं असतं कोण जाणे.

गुरुजी खिडकीशी फुटाणे खात उभे होते. आता मला ते सांगणं भाग होतं, जे इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी जमेल तितकं गोड बोलून सुरुवात केली. म्हटलं, "गुरुजी, राग मानू नका. पन तुमी धुतला म्हनजे लोक पाहाले जातेत. तुमी हे छापलं त मोताळ्याले उभं राहाले जागा मिळनार नाई."

मला वाटलं, आता खाली कोसळतील, नाहीतर मला झोडपतील.

"मले काय माहीत नाई का बे?" ते म्हणाले. "टॉकीजवाला संत्री घेऊन आलता, तो काय माह्या प्रेमानं आलता?"

"मंग लिवता कायले तुमी?"

"खरं लिवाचं हे आपलं काम हाय. पाहाचं का नाई ते त्याइचं."

त्या क्षणी मला त्यांच्या हातातला रुमाल हिसकावून फुटाणे खिडकीबाहेर फेकावेसे वाटले. माहीत होतं! आणि तरी मला दर आठवड्याला एकेका शब्दासाठी भांडायला लावत होते. मी म्हटलं, राहू द्या तुमचं खरं तुमच्यापाशी, मी हे छापत नाही, कोराच सोडतो रकाना. ते म्हणाले, मी आजारी होतो तेव्हाची गोष्ट वेगळी, काल सभागृहात मला सगळ्यांनी पाहिलंय, आता रकाना कोरा दिसला की लोकांना वाटेल काहीतरी दाबलं, आणि आणखी गर्दी होईल. हेही बरोबर होतं. त्यांचं बरोबर असणं हीच त्यांची सगळ्यात मोठी कटकट होती.

त्यांनी फुटाण्यांचा रुमाल बांधून खिशात घातला. मग पत्रिका टेबलावरून उचलली, मधोमध फाडली, आणि खुर्ची ओढून बसले. "ते पुण्याचं काय काय आलतं ते काढ. टाइप कर. मी सांगतो."

आणि गुरुजी सांगायला लागले. एरंडेल पाजलेल्या माणसाचा चेहरा करून एकेक शब्द बाहेर काढत होते. वैश्विक. अंतर्मुख. संयत. मध्येच विचारायचे, "'आशयघन' टाकलं का? दोनदा टाक. आशयघन म्हटलं का आपल्याकडलं मानूस हलत नाई जागचा." लिंबाचा उल्लेख नाही. बाईचा नाही. 'प्रत्येक सुजाण नागरिकाने हा चित्रपट आवर्जून पाहावा व त्यावर चिंतन करावे,' हे शेवटचं वाक्य त्यांनी डोळे मिटून सांगितलं. आणि म्हणाले, "तारे पाच दे."

मोताळ्याला काय झालं ते इथेच सांगून टाकतो. आमच्या वार्ताहरानं सांगितलं, की बाजार फुलून गेला होता आणि मंगल कार्यालयात ते प्राध्यापक, दिग्दर्शकाची माणसं आणि सावलीला येऊन झोपलेले दोघे म्हातारे एवढेच होते. गुरुजी चिंतन करा म्हणाले, म्हणजे काही राम नसणार, असं पानटपरीवर ठरलं होतं. बाकीच्या तालुक्यांचे कार्यक्रम दिग्दर्शकानं गुंडाळले. पण त्यानं गुरुजींचं परीक्षण मात्र सगळीकडे मिरवलं. ज्यानं आयुष्यात एकाही चित्रपटाला चांगलं म्हटलं नाही त्या समीक्षकानंही पाच तारे दिले, असं. पुण्याच्या एका परीक्षणात त्याचा दाखलाही आला. सुमनताईंचं दुकान अजून चालू आहे. माझी बायको तिथूनच ब्लाउज शिवून घेते आणि तिला यातलं काही माहीत नाही.

परंतु परीक्षण छापून आलं त्या दिवशी हे पुढचं काहीच घडलेलं नव्हतं. दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि सुमनताई आत आली. या वेळी डोक्यावर पदर नव्हता. हातात आमचा पेपर होता. तिनं तो टेबलावर आपटला.

"हे लिवलं का तुमी?"

गुरुजी उभे राहिले. "हो."

"मले बिनघोर जाय म्हनले ना तुमी? मी गेली. रातच्याले चांगली झोपली. अन् सकाळी हे? पाच पाच तारे? कोनं काय देलं तुमाले? का भेले तुमी त्या पुन्यावाल्याले? एवढे पिकले केस, लाज नाई वाटली? माह्या जागी तुमची पोरगी असती त देले असते का तारे? मी काय मानूस नाई का? मले काय दुखत नाई का?"

बाहेरच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. ती थांबली नाही. तिनं आमच्या पेपरला शिव्या दिल्या, भावाला दिल्या, भगताला दिल्या, पुन्हा गुरुजींना दिल्या. मला ते बघवेना. मी तोंड उघडलं, "ताई, ऐका, गुरुजींनी हे तुमच्याचसाठी..." तेवढ्यात गुरुजींनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल इतक्या जोरात दाबली की माझा आवाजच निघाला नाही.

"भेलो बाई," गुरुजी तिला म्हणाले. "चुकलं माहं. तुमचं बराबर हाय."

 ती पेपर तिथेच टाकून, दारातली माणसं बाजूला झाली तशी, मान वर करून निघून गेली.

मी गुरुजींवर असा उखडलो की तसा पूर्वी कधी उखडलो नव्हतो. म्हटलं, एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चार दिवसांनी तिला आपोआप कळेल की मंगल कार्यालय रिकामं राहिलं, पण तुम्ही तिच्यासाठी केलं हे कधी कळणार? जन्मभर ती तुम्हाला विकला गेलेला माणूस समजेल. आयुष्यभर खरं खरं म्हणून माझा जीव खाल्ला आणि आज जिथे खरं सांगायचं तिथे गप्प बसलात?

"तुले काय आयकू आलं नाई का बे?" गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पिच्चरमधी ती 'पाठ दुखते' म्हने त लोक म्हनत भूत बोलते. तो प्राध्यापक म्हने आजार बोलते. तिच्या तोंडून निंगालं ते कोनं तिचं म्हनून आयकलंच नाई. आज तिनं शिव्या देल्या त्या तिच्या होत्या, अन् मले देल्या. मी म्हनलं, तुमचं बराबर हाय. तेवढं तरी तिच्यापाशी राहू दे. त्याच्यावर आपला उपकार कायले सांडवतं?"

 गुरुजींनी तिनं टाकलेला पेपर उचलला, झटकला, घडी घालून काखेत मारला.

"पन कशी खणखणीत बोलली ना?" ते म्हणाले. चेहरा पोराच्या लग्नात मिरवणाऱ्या बापाइतका खूश होता. आणि दारातली माणसं बघत असताना, मी माझ्या खुर्चीत बसून रडलो.